भागाकाराचे एकतीस टाके

शनिवार, दि. १९ नोव्हेंबर १९६६, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. माझ्या नोंदवहीत या वेळेपुढे एकच ओळ आहे: 'तीच फीत, तेच आकडे, दोन उत्तरे.' ओळीखाली मी पट्टीने रेघ मारली आहे. एरवी मी रेघा मारत नसे.

बंगळूरच्या एका संशोधनसंस्थेत मी तेव्हा गणनसाहाय्यक होते. एका कारखान्यात मोठ्या पंख्याचा पोलादी शाफ्ट तयार होत होता आणि त्याचे गणित माझ्याकडे होते. फिरणाऱ्या प्रत्येक शाफ्टला एक घातक वेग असतो. त्या वेगाच्या आसपास तो थरथरू लागतो, थरथर वाढत जाते आणि अखेर तो तुटू शकतो. आमचा शाफ्ट मिनिटाला तीन हजार फेरे घेणार होता. म्हणून त्याचा घातक वेग निदान तीन हजार तीनशे तरी असावा, अशी अट होती. ऑक्टोबरच्या आरंभी मी मशीनवर गणित केले आणि तो त्याहून बराच वर असल्याचा अहवाल दिला. माझ्या सहीने बाहेर गेलेला तो पहिलाच अहवाल. त्याच्या भरवशावर कारखान्याने शाफ्ट लेथवर चढवला.

आमच्याकडे नियम असा, की प्रत्येक गणित महिन्याभराने पुन्हा एकदा मशीनवर घालून पडताळायचे. त्या शनिवारी मी तीच भोके पाडलेली कागदी फीत पुन्हा घातली. उत्तर आले ३०७४. पुन्हा घातली. ३१९०. दोन्ही उत्तरे एकमेकांशी जुळत नव्हती, ऑक्टोबरच्या उत्तराशी जुळत नव्हती, आणि दोन्ही अटीच्या खाली होती.

विभागप्रमुखांना आम्ही नुसते साहेब म्हणत असू. मद्रासकडचे, मितभाषी, इंग्रजीखेरीज काही न बोलणारे. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"एकाच फितीची दोन उत्तरे येतात याचा अर्थ तुमच्या प्रोग्रॅममध्ये एखादी जागा कोरी न करता वापरली गेली आहे. तिथे आधीच्या कुणाचा तरी आकडा पडून असतो. मशीनला अंकगणित येते की नाही, हा प्रश्न ते बनवणाऱ्यांनी सोडवलेला आहे."

"मी प्रत्येक जागा कोरी केली आहे, सर."

"मग मंगळवारी दुपारी बारापर्यंत दुसरे कारण सांगा. नाहीतर मी कारखान्याला लेथ थांबवायला कळवतो, आणि तुम्ही परत पलीकडच्या खोलीत."

पलीकडच्या खोलीत हाताने दांडा फिरवायची गणकयंत्रे होती. त्या खोलीत मी चौदा महिने काढले होते. धारवाडला पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करून, पहिल्या वर्गाचे प्रमाणपत्र घेऊन बेळगावची एक मुलगी बंगळूरला येते ती दांडा फिरवायला नव्हे, असे माझे मत होते आणि ते मी लपवत नसे. पण त्या क्षणी मला खोलीची भीती दुय्यम वाटली. माझे ऑक्टोबरचे उत्तर चुकीचे असेल, तर माझ्या सहीचा शाफ्ट कधीतरी माणसांच्या शेजारी तुटणार होता.

साहेब गेल्यावर दाराशी उभे असलेले अण्णा आत आले. त्यांचे नाव मी इथे देत नाही. ते हयात असते आणि मी त्यांचे नाव छापले असते, तर त्यांनी माझ्याशी बोलणे सोडले असते. अण्णा मशीनच्या दुरुस्तीचे काम पाहत. त्यांनी दोन्ही कागद उचलले, पालथे केले, मागून उजेडात धरले आणि म्हणाले, "सरी, बरं. आधी उलटी बाजू बघू, अक्का."

हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर किती वेळा उच्चारले, त्याची गणती मी ठेवली नाही याचा आज खेद वाटतो.

ते शिंप्याच्या घरातले. तीनशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज फौजेबरोबर तंबू शिवत कर्नाटकात आले आणि फौज परत गेली तरी इथेच राहिले. शहराच्या जुन्या पेठेत त्यांच्या भावाचे शिवणाचे दुकान होते. स्वतः अण्णा तरुणपणी रेडिओदुरुस्तीकडे वळले आणि तिथून आमच्या संस्थेत आले. परंतु गळ्यात माप घ्यायची फीत अडकवल्याशिवाय त्यांना कामावर आल्यासारखे वाटत नसे. ती फीत ते कशासाठीही वापरत नसत. मी एकदा विचारले, तेव्हा म्हणाले, "डॉक्टरच्या गळ्यात नळी असते ना? तो काय दर घटकेला छाती बघतो?"

आमच्या भाषेवरून आमची रोज झटापट होई. ते घरात मराठी बोलत, पण त्यात निम्मे कानडी, आणि क्रियापदे अशी की मला दोनदा ऐकावी लागत. मी हसले की म्हणत, "तुमचं मराठी शाळेतलं, अक्का. आमचं तंबूतलं. पावसात कुठलं टिकेल ते बघा." मी चोवीस वर्षांची, ते पन्नाशी उलटलेले, तरी मी त्यांची 'अक्का' आणि 'तुम्ही'. पहिल्या दिवशी मी संकोचून सांगितले होते, की मला नावाने हाक मारा. त्यांनी उत्तर दिले, "नावानं बोलावलं की माणूस रागावतं. अक्का रागावली तरी अक्काच."

कापड विकत घेताना ते उजवी बाजू पाहतच नसत. उलटी बाजू पाहायची, धागे कुठे सुटलेत ते बोटाने चाचपायचे, मग काय ते ठरवायचे. ही सवय त्यांनी सगळ्या सृष्टीला लावली होती. संस्थेच्या उपाहारगृहात डोसा आला की तो आधी उलटा होई. मागून करपला असेल तर ते शांतपणे बशी परत सरकवत. एकदा माझ्या मामाने एका स्थळाचे छायाचित्र पोस्टाने पाठवले. मी ते मेजावर तसेच ठेवून कामाला गेले. परत आले तो अण्णा छायाचित्राची पाठ वाचत होते.

"मुलगा किती वर्षांचा म्हणतात?"

"अठ्ठावीस."

"मागं फोटोवाल्याचा शिक्का बघा. अकरा वर्षं झाली. सतराव्या वर्षी एवढी मिशी? अय्यो, अक्का, हे तर अडतीसचं दिसतंय."

मामाला मी हा शिक्का कळवला. नंतर त्या स्थळाचा विषय निघाला नाही.

अण्णांच्या विक्षिप्तपणाचे मला खरे मोल कळले ते मशीनच्या डाव्या कप्प्यामुळे. तेव्हा 'संगणक' हा शब्द रुळला नव्हता. आम्ही मशीनच म्हणत असू. परदेशात काही वर्षे वापरून झालेले ते मशीन एका मोठ्या मेजाएवढे होते. वर टंकयंत्र, शेजारी फीत वाचणारे यंत्र, आणि खाली दोन बाजूंना दोन कप्पे. उजव्या कप्प्यात तळहाताएवढी कार्डे रांगांनी उभी होती. प्रत्येक कार्डावर ट्रांझिस्टर आणि डाख दिलेल्या तांब्याच्या रेषा. मशीनचा विचार तिथे चाले. डाव्या कप्प्यात मात्र हजारो बारीक चुंबकी कड्या आणि त्यांतून ओवलेल्या केसासारख्या तारा होत्या. बेरीज कशी करायची, भागाकार कसा करायचा, याच्या एकेका पायरीची आज्ञा त्या ओवण्यात कायमची गुंफलेली होती. तार कडीतून गेली तर 'हो', बाहेरून गेली तर 'नाही'. माझा प्रोग्रॅम पुसता येई. ते ओवलेले पुसता येत नसे. आज अशा गोष्टीला फर्मवेअर म्हणतात. अण्णा तिला 'शिवण' म्हणत.

त्या शिवणीचा नकाशा कंपनीने दिला नव्हता. कप्प्यावर सूचना होती, की हा उघडू नये. अण्णांनी तो पहिल्याच महिन्यात उघडला आणि पुढची दोन वर्षे, दर गुरुवारी मशीन बंद असे तेव्हा, एक मीटर, एक भिंग आणि भरतकामाची सुई घेऊन एकेक तार कुठून कुठे जाते ते शोधले. सगळे त्यांनी शिंप्याच्या मापवह्यांत मराठीत लिहिले. प्रत्येक क्रिया म्हणजे एक कपडा आणि प्रत्येक पायरी म्हणजे एक टाका. कंपनीच्या पुस्तकात छापले होते, की भागाकाराला बत्तीस पायऱ्या लागतात. अण्णांच्या वहीत एकतीस टाके. मी त्यांना चूक दाखवली.

"छापणाऱ्यानं शेवटची गाठ पण मोजली," ते म्हणाले. "गाठ म्हणजे टाका नव्हे. शिंप्याच्या पोराला तेवढं कळतं."

मी आठवडाभर तपासले. बत्तिसावी पायरी काहीच करत नव्हती. ती फक्त 'संपले, पुढची आज्ञा घ्या' एवढेच सांगत होती. मी त्यांच्यापाशी चूक कबूल केली, तेव्हापासून वह्या मला पाहायला मिळू लागल्या. त्यांतले टाके चिन्हांत मांडून स्वच्छ तक्ते करायचे काम मी अंगावर घेतले. खरे सांगायचे तर एका वृद्धाचा छंद सुव्यवस्थित करून देण्यात मी उपकार करते आहे, अशी माझी त्या वेळी समजूत होती.

त्याआधी, माझ्या येण्यापूर्वी, कंपनीचा एक अभियंता मुंबईहून आला होता. डाव्या कप्प्यात एक तार तुटली होती आणि तो अख्खा कप्पा परदेशी पाठवावा लागेल, सहा महिने लागतील, असा निर्णय त्याने दिला. तो जेवायला गेला. परत आला तेव्हा मशीन चालू होते आणि अण्णा सुईत उरलेली तार गुंडाळत होते.

"हे तुम्हाला कोणी करायला सांगितले?" त्याने विचारले.

"धोतर फाटलं म्हणून कोणी गिरणीला परत पाठवतात का, सामी?"

अभियंत्याला मराठी कळत होते. त्याला हसू आवरले नाही असे सांगतात. तरी अहवालात त्याने लिहिले, की यापुढे या कप्प्याची जबाबदारी कंपनीवर नाही. अण्णांनी त्या अहवालाची प्रत कप्प्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवली होती. उलटी.

आता त्या शनिवारकडे येते. शनिवारी कार्यालय एक वाजता बंद होई. हाताशी दोन तास होते. मी एक छोटी फीत तयार केली: बेरजा, वजाबाक्या, गुणाकार आणि भागाकार, प्रत्येकी दोनशे, ज्यांची उत्तरे मला आधीच माहीत होती. बेरजा बरोबर आल्या. वजाबाक्या बरोबर. गुणाकार बरोबर. भागाकारांपैकी सदतीस चुकले. इतका आनंद मला चुकांनी कधी दिलेला नव्हता. कोरी न केलेली जागा फक्त भागाकारालाच त्रास देईल असे कोणतेही कारण नव्हते.

सदतीसही चुका मी एकेक करून सोडवल्या. भागाकार करताना मशीन भाजक वजा करून बघते. बाकी शून्याच्या खाली गेली तर जास्त वजा झाले असे समजून भाजक परत मिळवते. चुका फक्त तिथेच होत्या, जिथे परत मिळवायची पाळी येई. मशीन ते कधी करी, कधी विसरे. मी अण्णांची वही उघडली. एकोणिसाव्या टाक्यापुढे त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिले होते: 'जास्त गेलं का बघ. गेलं असेल तर उसव.' आणि त्यापुढे: 'विचारतो कुणाला? उजवा कप्पा, तिसरी रांग, सातवं कार्ड.'

मी त्या ओळीकडे बराच वेळ पाहत राहिले. दोन वर्षांचे गुरुवार त्या एका ओळीत येऊन उभे होते.

"सोमवारी," अण्णा म्हणाले. "आता शिपाई कुलूप घेऊन उभा आहे. स्वल्प धीर धरा."

सोमवारी आठ दिवसांनी प्रथमच लख्ख ऊन पडले. राजाजीनगरहून बसने येताना मला त्या उन्हाचा अर्थ कळला नाही. साडेनऊला मी भागाकाराची फीत घातली. दोनशेपैकी दोनशे बरोबर. पुन्हा घातली. दोनशे. अकरा वाजता साहेब डोकावले.

"मशीन उत्तम चालते आहे असे दिसते."

"शनिवारी चुकत होते, सर. भागाकारात."

"शनिवारी तुम्हीही थकला होता." एवढे बोलून ते गेले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. म्हणूनच ते वाक्य जास्त लागले.

मी खोलीतल्या आर्द्रतामापकाकडे पाहिले. शनिवारी ब्याऐंशी टक्के होती, आता चौपन्न. अण्णांना आकडे दाखवले. त्यांनी ते वाचले, गळ्यातली फीत खुर्चीला अडकवली आणि उजवा कप्पा ओढून उघडला.

"फीत चालू ठेवा," ते म्हणाले. "मी सांगेन तोवर थांबवू नका."

नंतर त्यांनी जे केले ते कोणत्याही पुस्तकात नाही. चष्म्याची काच पुसण्याआधी आपण तोंडाने वाफ सोडतो, तशी ते वाकून एकेका कार्डावर वाफ सोडू लागले. पहिल्या रांगेपासून, घाई न करता, एका कार्डाला दोन दमदार उच्छ्वास आणि मग टंकयंत्राकडे कान. टंकयंत्र बरोबर उत्तराला टिंब छापे आणि चुकीला आडवी रेघ. टिंबाचा आवाज हलका, रेघेचा जरा जड. खोलीत बराच वेळ फक्त टिंबे वाजत होती.

"सातवं कार्ड माहीत आहे ना, अण्णा? सरळ तिथेच जा की."

"वही मी लिहिली, अक्का. माझीच वही मला खरी वाटणारच. बाकीच्यांना आधी विचारू द्या."

मला, विज्ञानाच्या पदवीधर बाईला, हे त्यांना सांगावे लागले.

दुसरी रांग झाली. तिसऱ्या रांगेतली सहा कार्डे झाली. सातव्यावर त्यांनी वाफ सोडली आणि टंकयंत्राने रेघ छापली. मग दुसरी. मग टिंब, मग सलग तीन रेघा. अण्णा मागे सरले. अर्ध्या मिनिटात वाफ सुकली आणि पुन्हा टिंबे सुरू झाली. त्यांनी परत वाफ सोडली. परत रेघा.

"हौदु, होय," ते स्वतःशीच म्हणाले. मशीन बंद केले, कार्ड बाहेर काढले आणि अर्थातच उलटे धरले.

पाठीवर, दोन तांब्याच्या रेषांच्या मधोमध, डाळीएवढा एक तपकिरी डाग होता. कडेला पिवळा, मध्ये लालसर. अण्णांनी तो हुंगला. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"हे हळदकुंकू आहे."

ते लावणारे बोट कुणाचे, हे मला त्याच क्षणी आठवले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बंगळूरात आयुधपूजा असते. त्या दिवशी बस, लेथ, शिवणयंत्र, वजनकाटा, जे जे राबते त्या सगळ्याला हळदकुंकू आणि फुले. आमचे मशीनही सुटले नव्हते. अण्णा सकाळपासून कार्डे एकेक काढून पुसत होते. तिसऱ्या रांगेत सातव्यापर्यंत आले आणि दाराबाहेर कोहळा फोडायला त्यांना बोलावणे आले. खुणेसाठी सातवे कार्ड अर्धे वर ओढून ते गेले. विभागात मी एकटी स्त्री, म्हणून हळदकुंकवाचे तबक माझ्या हाती दिले गेले. मला त्याचा राग आला होता. मला मशीनवर घेताना चौदा महिने विचार करणाऱ्यांना हळदकुंकवासाठी मी लगेच आठवले होते. कुणीतरी म्हणाले, बाहेरच्या पत्र्याला पाच बोटे लावा. मी मनात म्हटले, पत्रा म्हणजे मशीन नव्हे. पूजाच करायची तर जे विचार करते त्याची करावी. आणि तर्क शेवटपर्यंत नेण्याच्या हौसेने मी समोर वर आलेल्या कार्डाला ओले बोट लावले, ते खाली दाबले आणि कप्पा लावून टाकला. कोरड्या हवेत तो ठिपका निरुपद्रवी राहिला. पावसाळी हवा आली, कुंकवाने ओल धरली, आणि दोन रेषांत वीज झिरपू लागली.

"अण्णा, बोट माझे आहे."

"ते कळलं. माझं असतं तर चार रेषा भरल्या असत्या." त्यांनी कार्ड दिव्याजवळ नेले. "अनामिका ना?"

"हो."

"पद्धत बरोबर आहे. जागा चुकली."

मी हसले नाही. मला हसता येत नव्हते. त्यांनी स्पिरिटच्या बाटलीत दात घासायचा जुना ब्रश बुडवला आणि भरतकामाचा तुकडा धुवावा तसे कार्ड धुऊ लागले. दोषांची नोंदवही माझ्यासमोर सरकवली.

"लिहा: कार्डावर मळ. साफ केला. तेवढं पुरे."

"मळ नव्हता."

"हळद पण धुतली की मळच. साहेब विचारणार नाहीत."

माझ्यासमोर दोन मार्ग होते आणि दोन्हींत शाफ्टचे उत्तर तेच येणार होते. 'मळ' लिहिले असते तर दोष मशीनचा ठरला असता. पण मशीन वापरणाऱ्या इतर तिघांची गेल्या आठ दिवसांतली गणितेही चुकलेली असणार, आणि ती पुन्हा घालायला सांगायची तर कारण आणि तारीख द्यावीच लागली असती. मी लिहिले: 'दि. २२ ऑक्टोबर रोजी आयुधपूजेच्या वेळी मी या कार्डाच्या पाठीस हळदकुंकू लावले. दमट हवेत त्यातून वीज झिरपून भागाकाराचा एकोणिसावा टाका चुकत होता.' आणि सही केली. लिहिताना 'टाका' हा शब्द आला, तो मी बदलला नाही.

अण्णांनी नोंद वाचली. वर्तमानपत्राची घडी करून धुतलेल्या कार्डाला वारा घालत बसले. पाऊण तास. मी दोनदा म्हटले, की स्पिरिट दोन मिनिटांत उडते. "उडू दे," म्हणाले, आणि वारा घालत राहिले. त्या पाऊण तासात माझ्या मनावरचे ओझे विलक्षण वेगाने उतरत गेले. चूक माझी होती, तरीही. शनिवारपासून मी एका अशा दोषाशी झुंजत होते ज्याला ठावठिकाणा नव्हता. आता त्याला रांग होती, क्रमांक होता, रंग आणि वास होता. असा दोष माणसाला झोपू देतो.

साहेब चारच्या सुमारास आले. त्यांच्यासाठी मी नोंद इंग्रजीत सांगितली. त्यांनी शनिवारचे कागद, आर्द्रतेचे आकडे, वाफ सोडल्यावर उमटलेल्या रेघा, सगळे क्रमाने पाहिले. मग अण्णांची वही मागितली. मराठी त्यांना वाचता येत नव्हते. तरी त्यांनी एकतीस ओळी बोटाने मोजल्या.

"हे यांनी कधी केले?"

"दर गुरुवारी, सर. दोन वर्षे."

ते अण्णांकडे वळले. मी त्यांना अण्णांशी थेट बोलताना क्वचितच पाहिले होते. "याची प्रत मला हवी आहे. इंग्रजीत. वर तुमचे नाव."

मी ते अण्णांना सांगितले. "नाव नको," अण्णा म्हणाले. "एकोणिसाव्या टाक्यापाशी अक्काच्या बोटाचं चित्र काढा."

साहेबांना भाषांतर करून सांगितल्यावर ते प्रथमच हसले. "पुढच्या वर्षी तुम्ही कोहळा फोडा," ते मला म्हणाले. "तबक त्यांच्याकडे." पुढल्या वर्षी खरोखरच तसे झाले. माझा कोहळा तिसऱ्या आपटण्याला फुटला, आणि आत अण्णा कप्प्यांना कुलपे लावून, किल्ल्या मुठीत धरून पत्र्याला हळदकुंकू लावत होते.

पण सोमवारी साहेब हसून लगेच गंभीर झाले. "शाफ्ट," ते म्हणाले.

अण्णांनी कार्ड जागेवर बसवले, चालू करण्याआधी त्यावर मुद्दाम एक दीर्घ वाफ सोडली, आणि मला खूण केली. मी फीत घातली. या गणिताला मशीनवर अठरा मिनिटे लागत. आम्ही तिघे उभे होतो. खुर्च्या होत्या, पण कुणी बसले नाही. ऑक्टोबरचे उत्तर मला पाठ होते आणि मी ते मनातही उच्चारत नव्हते. मशीनने आधी खरे उत्तर दिले होते की माझ्या सोयीचे, हे ठरवणारा आणखी कोणताही पुरावा माझ्यापाशी नव्हता. अण्णा मधून मधून कार्डावर वाफ सोडत होते. साहेबांनी त्याबद्दल काही विचारले नाही.

टंकयंत्राने पहिला अंक छापला: तीन. शनिवारीही पहिला तीनच आला होता. दुसऱ्या अंकाआधी ते यंत्र नेहमी क्षणभर अडखळत असे. मग सहा उमटला. अण्णांनी श्वास सोडला. तो कार्डासाठी नव्हता. उरलेले दोन अंक आले. ऑक्टोबरचे आणि हे उत्तर शेवटच्या अंकापर्यंत जुळले.

"लेथ चालू राहू द्या," साहेब म्हणाले आणि दूरध्वनीकडे गेले.

"परत घाला, अक्का," अण्णा म्हणाले. मीही तेच करणार होते.

दुसऱ्या खेपेला मी बसले. बाहेर ढग पुन्हा भरून आले होते आणि मापकाचा काटा सत्तरीकडे चढत होता, म्हणजे परीक्षा अधिकच चांगली होती. यंत्र थांबले. मी कागद फाडून घेतला, नोंदवही उघडली आणि लिहिले: सोमवार, दि. २१ नोव्हेंबर, सायंकाळी पाच वाजून चार मिनिटे. आर्द्रता एकोणसत्तर टक्के. खेप दुसरी. घातक वेग, फेरे दर मिनिटास: ३६४२.